विरजण

रिजवाननं वरून हात दिला. तो धरून गफ्फार पिंजारी अर्ध्या खणलेल्या कबरीत उतरला. पायाखाली माती दबली नाही. रवा चुरावा तशी ती नुसती बाजूला सरकली.

"कुठं?" त्यानं मान वर करून विचारलं.

"डाव्या हाताले, चाचा. तिथली बाजू ढासळली न, तिथं." रिजवान काठावर उकिडवा बसला होता. घाटंजीच्या कब्रस्तानात कबरी खणण्याचं काम त्याच्या आजोबांपासून त्याच्याच घरात होतं, आणि खड्ड्यात काही पाहून तो घाबरून वर आल्याचं आजवर कुणी ऐकलं नव्हतं. आज तो वर आला होता. "म्या हात नाही लावला. पाह्यलं आन् तुमाले बोलवाले आलो."

वर वैशाखाचं ऊन फुफाटत होतं. डाव्या बाजूचा मातीचा पापुद्रा गळून पडला होता. त्याच्यामागे बाभळीच्या फळीचं एक टोक दिसत होतं. फळीवर करवतीचे दात उमटलेले, कडेची साल अजून घट्ट. फळीखालच्या फटीत हातभर लांब, पांढरं काहीतरी होतं.

ही गुलनारची बाजू. गुलनार त्याची बायको. तिला इथं ठेवल्यावर तीन पावसाळे होऊन गेले होते.

गफ्फारनं डोळ्यांवर भरवसा ठेवला नाही. ज्यानं उभा जन्म रुई पिंजली त्याचे खरे डोळे बोटांत असतात. त्यानं फटीत दोन बोटं घातली, कापडाची कड चिमटीत धरली आणि धाग्याचा कस पाहताना देतात तसा हलका ताण दिला. कापड तुटलं नाही. सैलही झालं नाही. कफनाचा लठ्ठा होता. त्यानं स्वतःच्या दुकानात, स्वतःच्या हातानं टर्र करून फाडलेला. फाडताना कडेला सुटलेल्या दशासुद्धा तशाच सरळ होत्या.

त्यानं वाकून वास घेतला. बराच वेळ घेतला. वाईट वास आला असता तर त्याला बरं वाटलं असतं. पण त्या खड्ड्यात कसलाच वास नव्हता, मातीचासुद्धा.

"चाचा, दिवस कलला की, असरच्या नमाजनंतर, मय्यत येऊन राह्यली," रिजवान हळूच म्हणाला.

"पाणी दे बादलीभर."

गफ्फारनं चिखल केला आणि चूल सारवावी तशी ती बाजू सारवू लागला. चिखल लागेना. लावला की राखेसारखा खाली गळे. शेवटी रिजवाननं एक नवी फळी खाली सोडली, ती त्यांनी उभी करून दाबून बसवली, आणि पांढरं दिसेनासं झालं.

वर आल्यावर दोघंही कडुनिंबाच्या सावलीत बसले.

"कोणाले सांगू नको," गफ्फार म्हणाला.

"मी कायले सांगू? पण चाचा, चाचीचंच असं नाही. तुमच्या या पट्टीत जे ठेवलं ते तसंच राह्यते. जुन्या भागात कबरीवरचं फूल आठ दिसात माती होते. इथं पाहा न." त्यानं शेजारच्या कबरीवरून एक गुलाब उचलला. कधीचा कोण जाणे, वाळून कागद झालेला, पण पाकळीला पाकळी धरून होती. "ही माती घेतच नाही."

*

ती पट्टी गफ्फारच्या बापाची. बाप पिंजारी, पण त्याला शेताची हौस होती. कब्रस्तानाच्या भिंतीला लागून त्यानं हे रान घेतलं आणि त्यात कापूस लावला. गफ्फारच्या लहानपणी त्या रानात पऱ्हाटी डोक्याच्या वर जायची. पुढं शेत गफ्फारकडं आलं. त्यानंही कापूसच लावला, कापसावर कापूस. दर साली खताचं पोतं वाढत गेलं, फवारणीचे पंप वाढत गेले, बियाण्याचं पाकीट महाग होत गेलं. पऱ्हाटी मात्र दर साली वीतभर खाली बसली. शेवटी शेवटी तर बोंड भरायच्या ऐन वेळी लाल्या यायचा. सगळं रान कुंकवासारखं लाल होऊन उभं राहायचं, आणि रस्त्यानं जाणारे म्हणायचे, काय सुंदर दिसून राह्यलं.

लाल्याचं दुःख होतंच. पण गफ्फारच्या मनात रुतून बसले ते बगळे. वखर चालला की त्याच्या मागं बगळे येतात, उकरलेल्या मातीतले किडे टिपतात. हे कुणी लक्ष देऊन पाहत नाही, जसं आपण आपलं श्वास घेणं पाहत नाही. एका उन्हाळ्यात वखर फिरवताना त्याला मागं काहीतरी कमी वाटलं म्हणून त्यानं वळून पाहिलं. शेजारच्या रानात बगळे होते. बांधाच्या धुऱ्यापर्यंत यायचे, धुऱ्यावर रांगेनं उभे राहायचे, मान लांब करून त्याच्या रानाकडे पाहायचे आणि परत फिरायचे. एकदा धनगरांना सांगून त्यानं मेंढ्या बसवायला आणल्या. मेंढ्या रानात गेल्या, पण बसल्या नाहीत. उजाडेपर्यंत एकमेकींना चिकटून उभ्याच राहिल्या. धनगर म्हणाला, "जागा बदला, मालक," आणि कळप घेऊन गेला.

शेतकऱ्यांच्या आत्महत्यांपायी जिल्ह्याचं नाव ज्या वर्षी पेपरात रोज पहिल्या पानावर येऊ लागलं, त्याच वर्षी जुनं कब्रस्तान भरलं. गफ्फारनं ती पट्टी देऊन टाकली. जुम्म्याच्या दिवशी सगळ्यांसमोर कब्रस्तान कमिटीच्या सदरसाहेबांनी त्याला मिठी मारली. आणि पुढच्याच हिवाळ्यात गुलनार गेली. तिला नव्या पट्टीत जागा मिळाली. तिच्या एका अंगाची जागा गफ्फारनं स्वतःसाठी मागून घेतली, आणि रिजवाननं तिथं ओळखीसाठी एक पालथा दगड ठेवला.

*

"आमच्यात म्हातारी गाय भटाले देत," नीळकंठ म्हणाला, "तसं तू हे रान कब्रस्तानाले दिलं, लेका."

"तुमी भटच ना? मंग तुमीच घ्यायचं होतं."

नीळकंठ हसला. यवतमाळच्या कृषी खात्यात माती तपासण्यात त्याची सगळी नोकरी गेली. निवृत्तीनंतर तो घाटंजीला परतला. दुपारी गफ्फारच्या गादीच्या दुकानात येऊन पेपर वाचायचा हा त्याचा नेम. पिंजण्याच्या यंत्रातून उडालेली रुई त्याच्या भुवयांवर बसायची आणि तो आणखी म्हातारा दिसायचा. सबंध गावात गफ्फारशिवाय तो फारसा कुणाशी बोलत नसे.

गफ्फारनं यंत्र बंद केलं. शटर अर्धं ओढलं. मग खड्ड्यात पाहिलेलं सगळं त्यानं सांगितलं. कापडाचं सांगताना त्याची दोन बोटं आपोआप एकमेकांवर घासली जात होती.

नीळकंठनं पेपराची घडी घातली. ती पुन्हा उलगडली, पुन्हा घातली.

"गफ्फार, माती म्हणजे नुसता भुगा नसते. तिच्यात कोट्यवधी जीव असतात, डोळ्यांले न दिसणारे. आपण टाकलं ते तेच खातात, तेच पचवतात. आपण पीक उचलत गेलो, वरून पोत्यातलं औषध-पाणी देत गेलो. पण त्यांच्या पोटाले काही दिलंच नाही. पालापाचोळा नाही, शेण नाही. पऱ्हाट्यासुद्धा चुलीत घातल्या." तो थांबला. "ते उपाशी मेले. आता ती जमीन जेवत नाही, एवढंच."

"एवढंच?"

"आमच्या एका साहेबानं शेतात सुती चड्डी पुरली होती," नीळकंठ एकदम म्हणाला. "खरंच. जिवंत मातीत दोन-तीन महिन्यांत चड्डीचं नुसतं इलास्टिक उरते. साहेबाची निघाली धुतल्यासारखी. म्हणाले, वापरता येईल."

गफ्फारला हसू आलं आणि त्याबरोबर खोकला. त्या खोकल्यानं तो बराच वेळ वाकून राहिला. रुईची धूळ त्याच्या छातीत किती साचली आहे हे यवतमाळच्या डॉक्टरनं फोटो काढून दाखवलं होतं. त्यानं तो फोटो लेकीलासुद्धा दाखवला नव्हता.

"मले तिच्या बाजूले जायचं हाय, नीळकंठभाऊ," श्वास जुळल्यावर तो म्हणाला. "पण आधी तिनं तर जावं. अशी अर्ध्यात कशी ठेवू? माती देताना आपण सांगतो तिले, की जा, मातीत जा. आन् माती म्हणते, मी नाही घेत."

नीळकंठ उठला. जाताना पायरीवर थबकला.

"त्याले विरजण लागते, गफ्फार. दुधाचं कसं? कितीही चांगलं तापव, विरजणाशिवाय दही नाही होत. कुठून तरी जिवंत माती आण मूठभर. आन् तिले खायले दे." मग खाली पाहत म्हणाला, "आमच्या घरचं दही अजून भाभीच्याच विरजणाचं हाय. कुंदानं मोडू नाही दिलं."

गुलनारचं विरजण आळीभर जायचं, नीळकंठच्या बायकोकडं, कुंदाकडंसुद्धा. वाटी घेऊन आलेल्या बाईला ती चमचाभर द्यायची आणि प्रत्येकीला तेच सांगायची. झाकून ठेव आन् हलवू नको. हलवलं की लाजते ते.

*

रिजवाननं सांगितलं नाही, तरी ढासळलेली बाजू मय्यतीला आलेल्या आणखी कुणाच्या नजरेत आलीच. पंधरा दिवसांत सदरसाहेब दुकानात आले. चांगला माणूस. गादीवर बसले, चहा घेतला, मग म्हणाले, "गफ्फारभाई, लोक डरून राह्यले. बाया म्हणतात, आमाले तिकडं नको ठेवू. पट्टी बंद करावी म्हणतो. नाल्यापलीकडं दुसरी जागा पाहू."

"आन् माह्यी जागा?"

"तुमाले बी तिकडंच. अव्वल जागा देऊ."

गफ्फारनं हातातली सुई गादीत खोचून ठेवली.

"मले थोडे साल द्या. माती घेते असं दाखवतो."

"कशी घेईल?"

"शेणखत टाकतो."

"कबरीवर शेण?" सदरसाहेबांनी कानाला हात लावला. "नापाक गोष्ट बोलू नका."

"मंग पाला टाकतो. पाला तं पाक हाय."

सदरसाहेबांनी त्याच्या छातीतली घरघर ऐकली असावी. त्यांनी नजर वळवली. "बरं. तुमी असेपर्यंत... म्हणजे, दोन-तीन साल पाहू. एक चिंधी जरी मातीनं घेतली, तरी बंद नाही करणार. जबान देतो."

मग गफ्फारनं ते काम धरलं. गाव म्हणालं, पिंजारी सरकला. झरी जामणीच्या जंगलातून त्यानं टेम्पो भरून सागाच्या तळचा पाला आणि पाल्याखालची माती आणली. तिथल्या पालोडी गावच्या जमनी नावाच्या बाईनं ती भरून दिली. काळी, ओली, हातात घेतली की हातातच काहीतरी वळवळणारी. दुकानातला पिंजणीचा कचरा त्यानं पोत्यांनी टाकला. कापसानं नेलं, कापसानंच परत द्यावं. कबरींमधल्या मोकळ्या जागेत ताग पेरला आणि फुलावर येताच रिजवानकडून मातीत गाडून घेतला. नीळकंठ छत्री घेऊन भिंतीबाहेर उभा राहायचा आणि तिथूनच सांगायचा, "खोल नको, वरवर." आत यायला तो बिचकायचा.

आणि त्यानं चिंध्या पुरल्या. गुलनारच्या कफनाच्याच ताग्यातला लठ्ठा, हातरुमालाएवढे तुकडे. पट्टीच्या चारही कोपऱ्यांत एकेक, गुलनारच्या पायथ्याशी एक, आणि त्याच्या स्वतःच्या जागेत, पालथ्या दगडाखाली एक.

जंगलातली माती महिनाभरातच फिकी पडली. आधी तिचा वास गेला, मग रंग. गफ्फारनं उकरून पाहिलं तेव्हा त्याला कुठली आपली आणि कुठली जंगलातली हे ओळखू आलं नाही. ताग गाडला होता तिथं तागाच्या काड्या जशाच्या तशा निघाल्या, वाळलेल्या फुलांसकट.

दिवाळीनंतर चिंध्या काढल्या. सगळ्या अख्ख्या. दुसऱ्या वर्षीही अख्ख्या. रिजवाननं एक झटकली तर तिच्यावरची माती सगळी गळून पडली आणि ती उन्हात अशी चमकली की त्यानं ती घाईघाईनं खाली ठेवली.

"चाचा, ही पुरली तेव्हापेक्षा पांढरी हाय."

गफ्फारनं चिंधी चिमटीत धरून ओढली. मग तिथंच परत पुरली.

"अब्बा, बस करा आता," मुस्कान म्हणाली. पांढरकवड्याहून ती बापाला न्यायला आली होती. त्याचे पाय सुजले होते. दुकानाच्या तीन पायऱ्या चढताना तो मधल्या पायरीवर बसायचा. "अम्मीनं कधी म्हटलं तुमाले, माह्यं असं करा म्हणून?"

"तिनं कधीच काही नाही म्हटलं," गफ्फार म्हणाला. "तेच तं."

तो गेला नाही.

*

तिसऱ्या वर्षीची दिवाळी झाली. थंडी पडली. सकाळची उन्हं कोवळी असताना गफ्फार रिजवानच्या खांद्यावर हात ठेवून कब्रस्तानात आला. रस्त्यात दोनदा बसला. नीळकंठ भिंतीबाहेर थांबला नाही. आज तो चपला हातात घेऊन आत आला आणि कडुनिंबाखाली उभा राहिला.

पहिल्या कोपऱ्यातली चिंधी अख्खी निघाली. दुसऱ्या कोपऱ्यातलीही. तिसरी, चौथी. रिजवान एकेक काढून कुंपणाच्या तारेवर टाकत होता आणि वारा नसल्यामुळे त्या सरळ लोंबत होत्या. मग त्यानं पालथा दगड सरकवला. गफ्फारच्या जागेतली चिंधी घडीसकट वर आली.

रिजवाननं तीही तारेवर टाकली.

"राह्यलेली काढ," गफ्फार म्हणाला.

रिजवाननं गुलनारच्या पायथ्याशी खुरपं घातलं. खुरप्याचा आवाज वेगळा आला, मऊ. त्यानं हाताएवढं खणलं, मग आणखी थोडं. बाजूला खणलं. वर पाहिलं.

"चाचा, इथं नाही."

"नीट पाह्य."

"इथंच पुरली होती. खुंटी हाय न ही. पण चिंधीच नाही."

गफ्फार खाली बसला. त्याला बसायला वेळ लागला. त्यानं दोन्ही हात खड्ड्यात घातले. माती गार होती. मुठीत धरली तर मूठ उघडल्यावर तशीच राहिली, बोटांचे ठसे घेऊन. तिच्यातून त्यानं चिमटीनं काहीतरी वेचलं. एक दशी होती, केसाएवढी. त्यानं ताण द्यायच्या आधीच ती बोटांवर विरून गेली. हाताच्या पालथ्या बाजूवरून काहीतरी ओलं आणि बारीक सरकत गेलं. त्यानं हात हलवला नाही.

"कुत्र्यानं तं नसंल नेली?" रिजवान कुजबुजला.

नीळकंठ जवळ येऊन वाकला. चष्मा कपाळावर ढकलून त्यानं आधी कोपऱ्यांकडे पाहिलं, मग त्या खड्ड्याकडे. "पाला तं सगळीकडं सारखाच टाकला होता ना रे?"

"सारखाच," रिजवान म्हणाला. "चाचा मोजून टाकाले लावायचे."

"ताग? जंगलातली माती?"

"सगळं सारखं."

"मंग इथंच काहून..." नीळकंठ म्हणाला, आणि थांबला. खड्ड्याची ती काळी, ओली माती कुठून सुरू होत होती ते त्याला दिसलं असावं. कबरीच्या कडेपासून ती निघाली होती आणि वीतभर पुढं येऊन थांबली होती. त्यापुढं राखेसारखा जुना भुगा. नीळकंठनं चष्मा खाली घेतला आणि चपलांसकट दोन्ही हात जोडले.

गफ्फार हातातल्या मुठीचा वास घेत होता. पहिल्यांदा तिला वास होता.

"सदरसाहेबांले बोलवू?" रिजवाननं विचारलं. "दाखवू त्याईले. पट्टी आता बंद नाही होत, चाचा."

"बोलवजो. मंग."

त्यानं रिजवानच्या खांद्याचा आधार घेतला, पण तो उठला नाही. तसाच बसल्या बसल्या, मूठ मिटलेली ठेवून, तो पालथ्या दगडाच्या जागेपर्यंत सरकत गेला. त्याच्या चिंधीचा खड्डा अजून उघडाच होता. गफ्फारनं तारेवरून आपली चिंधी मागून घेतली, घडी न मोडता खड्ड्यात ठेवली, आणि मुठीतली माती तिच्यावर सोडली. सगळी नाही. चमचाभर, मग आणखी थोडी. बोटांना लागलेलीसुद्धा त्यानं खड्ड्याच्या काठावर निपटून घेतली.

"हे काय करून राह्यले, चाचा?"

गफ्फारनं दगडाकडे बोट दाखवलं. रिजवाननं तो उचलून हलकेच जागेवर ठेवला. भिंतीपलीकडच्या धुऱ्यावर बगळ्यांची रांग मान लांब करून उभी होती.

"झाकून ठेव," गफ्फार म्हणाला. "आन् हलवू नको. लाजते ते."